वरचा डावा कोपरा

धंद्याच्या सगळ्या वर्षांत मी माणसांचे फोटो काढायचं टाळलं. लग्न, बारसं, साखरपुडा, कुणी कितीही गळ घातली तरी नाही म्हणजे नाही. मी यंत्रांचे फोटो काढायचे. लेथ, प्रेस, पंप, गिअरबॉक्स. यंत्र पोट आत ओढून उभं राहत नाही, ऐन वेळी डोळे मिटत नाही आणि फोटो हातात पडल्यावर 'मी काय इतकी काळी आहे?' असंही विचारत नाही. भोसरीतल्या लहानमोठ्या कारखान्यांना माहितीपत्रकं छापायला असे फोटो लागत आणि ते काढणारी बाई त्या भागात बहुधा मी एकटीच होते. गेटवरचा वॉचमन मला हमखास विचारायचा, "फोटोग्राफर कधी येणार?" मी म्हणायचे, "आले की सांगते," आणि बॅग उचलून आत जायचे.

कारखान्यातला फोटो म्हणजे निम्मं काम झाडूचं. मोठा कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा आणि त्यातून बघत बसायचं. यंत्राकडे नव्हे, त्याच्या आजूबाजूला काय पडलंय त्याकडे. तेलानं माखलेली चिंधी, कुणाचा तरी डबा, खिळ्याला अडकवलेला शर्ट. नुसत्या डोळ्यांनी बघताना हे खुपत नाही, कारण आपण यंत्र बघायला गेलेलो असतो आणि मन बाकीचं आपोआप बाजूला सारतं. कॅमेरा काही बाजूला सारत नाही. तो सगळं टिपतो आणि मग ते छापून येतं.

हा धडा मला धंद्याच्या सुरुवातीलाच मिळाला. एका प्रेसचा फोटो मी फार मेहनतीनं काढला होता. कारखान्याचे म्हातारे मालक खिशातून भिंग काढून तो फोटो बराच वेळ बघत राहिले. मी कौतुकाची वाट बघत उभी. ते म्हणाले, "यंत्र उत्तम आलंय. पण बाई, आपण चपलासुद्धा विकायला काढल्यात हे मला कुणी बोललं नाही." फोटोच्या खालच्या कडेला कुणा कामगाराच्या चपलेचा अंगठा डोकावत होता. तेव्हापासून बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवायची, हे माझ्या अंगवळणी पडलं. आमच्या धंद्यात चौकट कशी भरायची आणि कशी मोकळी ठेवायची, याला मांडणी म्हणतात. बाकीचं सगळं कॅमेरा करतो.

मांडणीचे नियम गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणं मात्र सोपं नव्हतं. एका पंपवाल्या साहेबांना मी पंप जरा कडेला ठेवून, पाणी बाहेर पडतं त्या बाजूला मोकळी जागा सोडून फोटो दिला. ते म्हणाले, "आमचा पंप असा अंग चोरून का बसलाय? मधोमध घ्या की." मी समजावलं, की पंपातून पाणी कुठंतरी जायला हवं, ते कागदाच्या कडेवर आपटायला नको. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मग पंप मधे घ्या आणि कागद मोठा घ्या." खंडेनवमीच्या आदल्या दिवशी फोटो काढायचा माझा आग्रह असे, कारण वर्षातून तेवढ्या एकाच दिवशी यंत्रं धुऊनपुसून लख्ख असतात. एक मालक अडून बसले, पूजा झाल्यावरच काढा, शुभ असतं. मग हळदीकुंकू लावलेली, झेंडूच्या माळा घातलेली मिलिंग मशीन मी टिपली. ते माहितीपत्रक जर्मनीला गेलं. तिकडून पत्र आलं, की यंत्र पसंत आहे, परंतु ही पिवळी फुलं नेमकं काय काम करतात ते कळवावं.

पुढं यंत्रांची चित्रं संगणकावरच तयार व्हायला लागली. हल्ली यंत्र जन्माला यायच्या आधी त्याचा फोटो तयार असतो. माझं काम आटत आटत संपलं. घरी बसून करमेना, म्हणून विश्रांतवाडीत आमच्या विहाराच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मी फोटोग्राफीचा प्राथमिक वर्ग सुरू केला. कॅमेऱ्याची बटणं शिकवायची नाहीत, फक्त मांडणी शिकवायची, असं मी पहिल्याच दिवशी सांगते. तरी लोक येतात, हे विशेष.

नियम थोडे आहेत. फुली-गोळा खेळताना ओढतो तशा दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा चौकटीवर मनातल्या मनात ओढाव्यात. त्या जिथं एकमेकींना छेदतात, तिथं कुठंतरी फोटोतली मुख्य गोष्ट बसवावी, की चित्राला जीव येतो. माणूस ज्या बाजूला बघत असेल त्या बाजूला जागा सोडावी, नाहीतर मास्तरांनी भिंतीकडे तोंड करून उभं केल्यासारखा दिसतो. कुणाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवू देऊ नये. मनगटाशी, गुडघ्याशी माणूस तोडू नये. आणि शेवटी, बटण दाबण्याआधी चारही कडा बघाव्यात. विद्यार्थ्यांनी आठवड्यात काढलेले फोटो छापून आणायचे, मी ते हॉलमधल्या फळ्यावर टाचणीनं लावते आणि सगळ्यांसमोर बोलते. मोबाइलमध्ये दाखवलेला फोटो मी बघत नाही. अंगठ्यानं सरकवला की चूकही सरकून जाते, म्हणून.

एका वर्षीच्या तुकडीत बँकेतून निवृत्त झालेले जोगळेकर होते. त्यांचा कॅमेरा सगळ्यात महाग, आणि नियम शिकण्याआधीच त्यांनी अपवाद शिकून घेतलेले. हिंजवडीला कंपनीत असलेली ऋतुजा होती. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅम, ॲक्च्युअली हे सगळं ॲपमध्ये ऑटोमॅटिक होतं ना?" मी म्हटलं, "मग पुढच्या रविवारी ॲपला पाठव, तू झोप." ती दर रविवारी आली आणि चांगली शिकली. आणि होते मेश्राम.

मेश्राम सिटी बसचे ड्रायव्हर. मूळचे वर्ध्याकडचे, पण निम्मं आयुष्य पुण्यात गेलेलं. स्वारगेट-कात्रज मार्गावर त्यांची गाडी असे. कुणाशी तरी ड्यूटी बदलून, विनवण्या करून ते रविवारची सकाळ मोकळी करत. त्यांनी जुना कॅमेरा विकत घेतला होता, छोट्या खिडकीला डोळा लावून बघायचा असतो तसला. मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे कशाला शिकायचंय? ते म्हणाले, "मॅडम, पुणं मी रोज काचेतून पायतो. पण थांबून पाहाले भेटत नाई. थांबलं का मांगून हॉर्न वाजते." मला हे उत्तर आवडलं. फोटो काढायला याहून बरं कारण मी आजवर ऐकलेलं नाही.

रेघांचा नियम त्यांना चटकन समजला. चाकं नेमकी कुठं ठेवायची हे ठरवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तो समजणारच. स्वारगेटच्या पुलाखाली बसणारी हारवाली त्यांनी अशी टिपली होती, की मी फळ्यासमोर थांबले. तिचे हात, दोरा, शेवंतीचा ढीग, सगळं जागच्या जागी. पण वर डाव्या कोपऱ्यात कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा तुकडा, त्यात नुसती हनुवटी. मी म्हटलं, "मेश्राम, या हनुवटीचं काय करायचं?" ते फोटोजवळ गेले, खरोखर आश्चर्यानं बघत राहिले आणि म्हणाले, "हे मले दिसलंच नाई."

पुढच्या रविवारी कात्रजच्या तळ्याचा फोटो. पाणी शांत, त्यात आभाळ, आणि वर डावीकडे एक काळी फांदी घुसलेली. त्याच्या पुढच्या वेळी गच्चीत अभ्यास करणारी त्यांची मुलगी. फार गोड फोटो, आणि वर डावीकडे वाळत घातलेला मोजा. दर वेळी मेश्रामांचं एकच उत्तर, दिसलं नाही. दिसलं नाही हे उत्तर मी कारखान्यांत इतक्यांदा ऐकलंय, की त्यावर माझा विश्वास उरलेला नाही. शेवटी मी फळ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "मेश्राम, हा वरचा कोपरा तुम्ही भाड्यानं दिलाय का?" सगळा वर्ग हसला. मेश्रामही हसले. आज ते हसू आठवलं की मला बरं वाटत नाही.

एका रविवारी वर्ग संपल्यावर फळ्यावरचे फोटो काढून मी टेबलावर ठेवत होते. मेश्रामांचे इतक्या दिवसांचे सगळे फोटो एकाखाली एक आले, आणि माझा हात थांबला. कारखान्यात एक साधा नियम असतो. मालावरचा डाग दर वेळी जागा बदलत असेल तर कामगाराला धरा. डाग सतत एकाच जागी पडत असेल तर कामगाराला बोलू नका, साचा तपासा. निष्काळजी माणसाचा कचरा चारही बाजूंनी येतो. ऋतुजाच्या फोटोत कधी खाली पाय तुटायचे, कधी उजवीकडून कुणाचं कोपर यायचं. मेश्रामांच्या बाकीच्या तीन कडा धुतल्यासारख्या स्वच्छ. घाण फक्त वर डावीकडे. म्हणजे माणूस काळजी घेत होता, आणि तरीही घाण येत होती.

मी आधी कॅमेऱ्यावर संशय घेतला. जुना होता, खिडकीतून दिसतं एक आणि छापलं जातं दुसरं, असं असू शकतं. मी तो आठवडाभरासाठी मागून घेतला आणि घराच्या गॅलरीतून फोटो काढले. कोपरे चोख. त्या आठवड्यात कॅमेरा माझ्याकडे असल्यामुळे मेश्रामांनी मोबाइलवर फोटो काढून छापून आणले. मी ते फळ्यावर लावले आणि वर डावीकडे बघितलं. काही नव्हतं. एकाही फोटोत काही नव्हतं.

मला आधी आनंद झाला, की चला, शिकले एकदाचे. दुसऱ्या क्षणी दुसरंच लक्षात आलं. मोबाइल आपण दोन्ही डोळ्यांनी बघतो. कॅमेऱ्याच्या खिडकीला मेश्राम फक्त उजवा डोळा लावत.

मी त्यांना हॉलच्या मधोमध उभं केलं. समोरच्या भिंतीवर फळ्याच्या वर डावीकडे घड्याळ आहे. फळ्याच्या मध्यावर मी एक लाल टाचणी टोचली. "मेश्राम, डावा डोळा हातानं झाका. टाचणीकडे बघा, नजर हलवू नका. वर डावीकडे काय दिसतं?"

"भिंत."

"भिंतीवर?"

"काई नाई. भिंतच हाये."

जोगळेकरांनी अर्थातच अपवाद काढला. "अहो मॅडम, प्रत्येकाच्या डोळ्यात एक आंधळा ठिपका असतोच. हे शास्त्र आहे. बघा, मीसुद्धा सांगतो." ते मेश्रामांच्या जागी उभे राहिले, डावा डोळा झाकला आणि टाचणीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "दिसतंय. घड्याळ दिसतंय." ऋतुजालाही दिसलं. मलाही दिसलं. मेश्रामांनी हात बदलून उजवा डोळा झाकला आणि म्हणाले, "अरे, हे घड्याळ." मग परत डावा झाकला. असं त्यांनी पुन्हा पुन्हा केलं. घड्याळ येत होतं आणि जात होतं.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, उद्याच डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. त्यांनी आधी दार बघितलं, जवळपास कुणी नाही याची खात्री केली आणि म्हणाले, "मॅडम, हे इथंच राहू द्या. डेपोत कळलं तर गाडी जाते. माही पोरगी अजून शिकून रायली." मी काही बोलायच्या आत ते जिना उतरून गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

ते दिवस मला फार वाईट गेले. डेपोत जाऊन सांगावं, तर एका माणसाच्या पोटावर पाय. गप्प बसावं, तर त्याच्या मागं बसलेली सगळी गाडी माझ्या डोक्यावर. आणि यातलं काहीही केलं तरी, ते स्वतः डॉक्टरकडे गेल्याशिवाय त्यांचा डोळा वाचणार नव्हता. मला डॉक्टरकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ज्या साच्यावर डाग पडतोय तो साचा आपोआप बरा होत नाही, एवढं ठाऊक होतं. वर्तमानपत्रात बसच्या अपघाताची बातमी दिसली की आधी मी मार्ग कुठला ते वाचायचे.

शेवटी एका सकाळी मी स्वारगेटला गेले. मेश्रामांची गाडी लागेपर्यंत थांबले आणि चढून अगदी पुढच्या आडव्या सीटवर बसले. त्यांनी आरशात मला बघितलं. गाडी सोडली. फार सुरेख चालवत होते. ब्रेक कधी लागला ते कळत नव्हतं. आणि मी मात्र समोरची दांडी दोन्ही हातांनी धरून बसले होते. डावीकडून दुचाकी घुसली की माझा श्वास अडकायचा. एक शाळेतली मुलगी फुटपाथवरून रस्त्यात उतरली तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला. मेश्रामांनी तिला माझ्या आधी पाहिलं होतं आणि गाडी केव्हाच हळू केली होती.

कात्रजला गाडी रिकामी झाली. त्यांनी टपरीवर दोन चहा सांगितले.

"काहून आल्या मॅडम?"

मी घरून बरीच भाषणं तयार करून गेले होते. तुमचा डोळा, तुमची जबाबदारी, कायदा. त्यातलं एकही आठवेना. जे खरं होतं ते बोलले. "मेश्राम, मला तुमच्या गाडीत भीती वाटली."

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "माह्या गाडीत?"

"हो. सगळा रस्ता."

"मॅडम, इतकी वर्षं झाली. माह्या गाडीखाली कुत्रंबी आलं नाई."

"माहीत आहे. तरी वाटली."

ते समोरच्या रिकाम्या गाडीकडे बघत म्हणाले, "आमचा बाप आंधळा होऊन मेला. सारे म्हणत, मोतीबिंदू पिकला, वयानं होते. मी त्याले हात धरून वावरात नेत होतो." मग म्हणाले, "मलेबी वाटते, मॅडम. त्या घड्याळापासून रोज वाटते. गाडी चालू करतो तवा हात थंडे पडतेत. पण बोलू कोनापाशी? घरी सांगतलं नाई." आणि मग, अगदी सरळ आवाजात, "चला. जाऊ डॉक्टरकडं. पण तुमी या संगं." त्याच दिवशी त्यांनी रजा टाकली.

नेत्ररुग्णालयात मी आणि त्यांच्या पत्नी वंदनाताई बाहेरच्या बाकावर बसलो होतो. वंदनाताईंना सगळं आदल्या दिवशीच कळलेलं. त्या माझ्यावर चिडतील असं मला वाटत होतं. त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याच्या चिकीचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "खा. इथं लई वेळ लावतेत." आत मेश्रामांना एका यंत्राच्या घुमटात हनुवटी टेकवून बसवलं होतं. एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. खांदे वर ओढलेले, हातातलं बटण गच्च धरलेलं. मी जन्मभर यंत्रं बघितली, पण कुठल्याच यंत्राची इतकी धास्ती घेतली नव्हती.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी तपासणीचा कागद आमच्यासमोर ठेवला. उजव्या डोळ्याच्या नजरेचा नकाशा. फिकट राखाडी, आणि वर डाव्या बाजूला काळा डाग. मी खुर्चीतच मागं सरले. त्या कोपऱ्यात मी फ्लेक्सवरची हनुवटी पाहिली होती, फांदी पाहिली होती, मोजा पाहिला होता.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाल्या. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस हळूहळू सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही. एका डोळ्यात नजरेचा तुकडा गेला तरी दुसरा डोळा तो भरून काढतो, आणि मेंदूही तिथं अंधार दाखवत नाही, आजूबाजूला असेल तेच पसरून लावतो. भिंत असेल तर भिंत, आभाळ असेल तर आभाळ. म्हणून माणसाला कळत नाही. "बहुतेक लोक फार उशिरा येतात," त्या म्हणाल्या. "गेलेलं परत येत नाही, मेश्रामकाका, ते मी खोटं सांगणार नाही. पण डाव्या डोळ्यात जेमतेम सुरुवात आहे. रोज थेंब घालायचे, एकही दिवस चुकवायचा नाही, दाब खाली ठेवायचा. आहे ती नजर राहील." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला तपासायला पाठवलं कुणी?"

मेश्रामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "फोटोच्या मॅडम."

डॉक्टरांना मेश्रामांच्या वडिलांविषयी कळलं तेव्हा, हा आजार रक्तात उतरतो म्हणून, त्यांनी मुलीलाही तपासायला बोलावलं. तिचे डोळे स्वच्छ निघाले. तेव्हा वंदनाताई पहिल्यांदा रडल्या. मला म्हणाल्या, "डोळा राहिला, पोरगी बचावली. मी अजून काई मागत नाई, मॅडम. पण ते मागतेत ना."

मेश्राम त्यांची गाडी मागत होते, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. डॉक्टरांचा कागद त्यांनी स्वतः डेपोत नेऊन दिला. लपवला नाही. त्याच दिवशी त्यांना गाडीवरून उतरवलं आणि कंट्रोल केबिनमध्ये बसवलं. गाड्या आल्या-गेल्याच्या नोंदी करायच्या. दाब खाली आला, की पुन्हा तपासणी, आणि गाडी द्यायची की नाही ते मग मेडिकल बोर्ड ठरवणार. केबिनच्या कामाला रविवारची सुटी होती, त्यामुळे मेश्राम आता दर रविवारी वर्गाला यायला लागले. सगळ्यांच्या आधी येऊन बसत. कॅमेरा डाव्या डोळ्याला लावायची सवय त्यांनी करून घेतली. कोपरे चोख यायला लागले, आणि फोटो मात्र मेले. केबिनच्या खिडकीतून दिसणाऱ्या उभ्या गाड्या, उभ्या गाड्या आणि उभ्या गाड्या. मी काहीच बोलत नसे. जोगळेकरसुद्धा बोलत नसत. ऋतुजानं एकदा त्यांना विचारलं, "काका, काहीतरी दुसरं ट्राय करा ना, लाइक, पीपल?" ते म्हणाले, "हाव, करू." पुढच्या रविवारी पुन्हा उभ्या गाड्या.

मी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं ते बरोबरच केलं, यात मला कधी शंका आली नाही. पण बरोबर केल्याचं समाधान काही केल्या मिळेना. रविवारी जिना चढताना मला आधी त्यांच्या चपला दिसायच्या आणि माझी पावलं मंदावायची. इतकी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला मी खुर्चीवर बसवलं होतं. बोर्डाची तारीख पुढं पुढं जात होती. थेंब मात्र ते एकही दिवस चुकवत नव्हते. वंदनाताई फोनवर सांगायच्या, घड्याळ लावून घालतात, अगदी गाडी सुटायच्या वेळेसारखं.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात कुकर लावत होते तेव्हा फोन वाजला.

"मॅडम, गाडी भेटली."

"कुठली?" मी वेड्यासारखं विचारलं.

"तेच. स्वारगेट-कात्रज. बोर्डानं दोन्ही डोळे उघडे ठेवून तपासले. म्हणाले, दोन मिळून नजर पुरी हाये. मधामधात तपासणी करत राहा, थेंब सोडू नका, अन् चालवा गाडी." मागं कुठंतरी गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "सकाळी पयली फेरी मारली, मॅडम. हात थंडे नाई पडले."

आयुष्यभराची माझी खोड, आवाज कापायला लागला की मी खेकसते. म्हटलं, "बरं. मग रविवारी वर्ग पाषाणच्या तळ्यावर आहे. सकाळी लवकर यायचंय, उशीर चालणार नाही."

"रविवारी नाई जमत मॅडम. ड्यूटी लागली."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"त्या रविवारीबी गाडीवरच हाये. आता सुटी मंगळवारची."

वर्ग सुरू केल्यापासून मी गैरहजेरीची नाना कारणं ऐकली आहेत. पाहुणे, पाऊस, पाठदुखी, सासूबाई. प्रत्येकाला मी काही ना काही टोचून बोललेले आहे. त्या दिवशी मला टोचायला एक शब्द सापडेना.

"येऊ नका," मी म्हटलं. "मेश्राम, अजिबात येऊ नका."

फोन ठेवला, गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून मनसोक्त रडले.